नंदीचे पाय

कुरणवाडीत पुराचं माप कुणी फुटात सांगत नाही. वेदगंगेच्या काठाला महादेवाचं देऊळ आहे, देवळापुढं काळ्या दगडाचा नंदी आहे, आणि नंदीच्या पायाला पाणी लागलं की मळीतल्या लोकांनी जनावरं घेऊन गावात यायचं, हा तिथला जुना रिवाज. मळी म्हणजे नदीच्या वळणातली सपाट रानं. तिथं चार घरांची वस्ती आहे. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. नंदीच्या पायाला पाणी लागतं तेव्हा ओढा जेमतेम गुडघाभर असतो. म्हशी हाकत, पोरं खांद्यावर घेऊन, माणसं बोलत बोलत अलीकडं येतात. वस्ती बुडायला त्यानंतर सात-आठ तास लागतात. आजवर मळीतलं एक माणूस वाहून गेलेलं नाही, ते या हिशेबामुळं.

आणि नंदी कुठवर भिजला, हे सांगायची शालूबाई. तिला हे काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. ओमकार पोटात असताना तिनं नेम धरला होता, रोज सकाळी महादेवापुढं दिवा लावल्याशिवाय पाणीही तोंडात घालायचं नाही. ओमकार आता पंचवीस वर्षांचा झाला, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला लागला, तरी नेम चालूच होता. पावसात, थंडीत, पायात काटा मोडलेला असताना, ती पायऱ्या उतरून जायची, दिवा लावायची, नंदीच्या कपाळाला कुंकू लावायची. मळीतून नंदी लांबून दिसायचा, पण पाणी नेमकं कुठवर आलं ते जवळून बघणाऱ्यालाच कळायचं, त्यामुळं पुराच्या दिवसात सगळ्यांचे फोन तिलाच. "आक्का, नंदी कुठंवर?" ती हळू आवाजात सांगायची. तिचा आवाज मुळातच इतका हळू की समोरच्याला फोन कानाशी दाबून धरावा लागे. पण तिनं सांगितलं की विषय संपला.

त्या श्रावणात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. कुणा शेजारच्या देशानं त्याला नाव ठेवलं होतं, ते गावात कुणाच्या जिभेवर बसेना. पहिले तीन दिवस टीव्हीवर बांगलादेशचा किनारा, ओडिशाचा किनारा, होड्या ओढून वर घेणारे कोळी, हेच दिसत होतं. मग ते जमिनीवर चढलं, मध्य प्रदेशातून गुजरातकडं गेलं. तिथून आता अरबी समुद्रात उतरून ओमानकडं वळणार म्हणाले, तेव्हा शालूबाई हातातलं काम टाकून टीव्हीपुढं येऊन बसली. बंगालपासून मस्कतपर्यंत एवढी दुनिया पडली होती, आणि त्याला तिच्या ओमकारकडंच जायचं होतं. इकडं घाटावर सहा दिवस पाऊस थांबला नव्हता. पण तो त्याच वादळानं समुद्राकडून ओढून आणलेला पाऊस आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पाऊस श्रावणात पडतोच.

सोमवारी सकाळी ती दिवा लावायला गेली, तेव्हा नदी तांबडी, फुगलेली, झाडांचे ओंडके घेऊन चालली होती. पाणी चौथऱ्याच्या खालच्या दगडाला चाटत होतं. नंदीचे पाय कोरडे होते. तिनं पदरानं त्याच्या पाठीवरचं पाणी निपटलं, कुंकू लावलं आणि तिथूनच भरमूला फोन केला. भरमू तिचा नवरा. त्यांचं घर गावात, पण सहा म्हशी मळीतल्या गोठ्यात, म्हणून पावसाळ्यात तो तिकडंच झोपायचा.

"काय म्हणतो नंदी?" त्यानं विचारलं.

"पाय कोरडे हायत."

"मग बस की घरात निवांत. आज सोमवार, उपास असंल तुझा. मला भाकरी पाठवू नगो. शेजारच्या रवळूच्या घरात पिठलं केलंय."

"पाणी लई तांबडं हाय हो."

"पाणी तांबडंच असतंय श्रावणात. हिरवं असतंय व्हय?"

ती हसली. त्यानंतर अर्ध्या तासात तिला मळीतल्या उरलेल्या घरांचेही फोन आले. सगळ्यांना तिनं तेच सांगितलं.

दुपारी बाराला खालच्या आळीतली म्हातारी माणसं आणि पोरं शाळेत आणली. तलाठी आदर्श शहापूरचा, विणकराच्या घरातला पोरगा, नोकरीला लागून वर्षच झालेलं. तो सकाळपासून धावत होता. त्याच्या फोनवर कन्नडमध्ये एक सूचना यायची, मराठीत एक यायची, कुणीतरी वाऱ्यांचा रंगीत नकाशा पाठवायचा. वरचं धरण महाराष्ट्रात, गाव कर्नाटकात. तिकडून किती पाणी सोडलं याचा आकडा चार फोन फिरून त्याच्याकडं यायचा, तोवर पुढचा आकडा निघालेला असायचा. तरी त्यानं कामं नीट लावली होती. शाळेत तांदूळ, मेणबत्त्या, तापाच्या गोळ्या, ताडपत्र्या आणून ठेवल्या होत्या. निपाणीहून आलेली रबरी बोट शाळेच्या फाटकाशी उभी होती, आणि तिच्याबरोबरची चार माणसं चहा पीत होती. व्हरांड्यातल्या फळ्यावर त्यानं खडूनं वाड्या-वस्त्यांची नावं लिहिली होती. मळीसमोर लिहिलं होतं, 'सुरक्षित, नंदी कोरडा'.

शालूबाई बायकांबरोबर खिचडी शिजवत होती. साडेतीनच्या सुमाराला ओमकारचा फोन आला.

"आई, इकडं सगळं बंद केलंय. उद्या सुट्टी. आमच्या खोलीच्या दाराशी वाळूची पोती लावलीत."

"खायला आणून ठेवलंस?"

"ठेवलंय. पाण्याच्या बाटल्या पण. दर तासाला मोबाईल कोकलतोय, बाहेर पडू नका, बाहेर पडू नका. पाकिस्तानी, बंगाली, केरळवाले, सगळे एका खोलीत बसून तोच नकाशा बघालेत. तुमच्याकडं किती पाऊस?"

"पडतोय की."

"पाणी कुठवर?"

"नंदीच्या पायाला लागलं न्हाय अजून."

"मग काय काळजी न्हाय," तो म्हणाला.

त्याचा आवाज ऐकून तिचं मन हलकं झालं. तिनं मनातल्या मनात महादेवाला हात जोडले. फोन ठेवते न ठेवते, तोच मालुबाईचा आला. मालुबाई तिची थोरली बहीण, नदीच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रात दिलेली. तिच्या गावावरून गेलेलं पाणी तासा-दोन तासात कुरणवाडीला येतं.

"शाले, आम्ही घर सोडलं गं," मालुबाई म्हणाली. "शाळेच्या खिडकीला पाणी लागलं. अगदी त्या मोठ्या पुरासारखं. तवापण खिडकीलाच येऊन थांबलं होतं."

"कधी लागलं?"

"दुपारी दीडला. तुझी माणसं गावात आली का मळीतनं?"

"अजून न्हाय. नंदीचे पाय कोरडे हायत."

"असं कसं होईल? त्या साली आमच्या खिडकीला लागलं तवा तुमचा नंदी गळ्याइतका पाण्यात होता. तूच सांगितलं होतंस मला. रडालतीस फोनवर, देवाच्या तोंडात पाणी जातंय म्हणून."

"व्हय," शालूबाई म्हणाली.

"मग?"

शालूबाईचा उजवा हात आपोआप वर गेला होता, अंगठ्याशेजारचं बोट पुढं काढून, कुंकू लावायला जातो तसा. हात तिच्या कपाळाच्याही वर गेला आणि तिथं थांबला. पूर्वी ती नंदीला कुंकू लावायला कमरेत वाकायची. आता टाचा उचलाव्या लागत होत्या.

मोठ्या पुरानंतर नंदी गाळात रुतला होता. दरसाली कमी-जास्त तेच व्हायचं. चिखल त्याच्या पोटाखाली वाळायचा, शेवाळ चढायचं, आणि ती नखांनी खरवडून काढायची. देवाचं वाहन असं चिखलात बसलेलं तिला बघवेना. ओमकारला परदेशात काम लागलं तेव्हा तिनं बोललेला नवस फेडायला काढला, नंदी उचलून उंच बसवायचा. भजनाच्या बायकांना तिनंच घरोघर जाऊन गोळा केलं. गवंडी म्हणाला होता फूटभर पुरे. तिनंच म्हटलं, नाही, असा बसवा की कधी भिजू नये. गेल्या वर्षीच्या चैत्रात तीन थरांचा घडीव चौथरा झाला, साडेतीन फुटांचा. होम झाला, जेवणावळी झाल्या. गेल्या पावसाळ्यात पूर आला नाही. सगळ्यांनी म्हटलं, देव संतुष्ट झाला.

गावानं आपलं माप उचलून साडेतीन फूट वर नेऊन ठेवलं होतं, आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. रोज हात लावणाऱ्या तिच्याही नाही.

तिनं भरमूला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चौथ्या वेळेला त्यानं उचलला, मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तुम्ही निघा तिथनं," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. रवळूला घ्या, समद्यांना घ्या."

"का? पाणी लागलं नंदीला?"

"न्हाय लागलं."

"मग? मला दिसतोय की हितनं. पाय कोरडे हायत त्याचे. खुळ्यावानी काय करालीस?"

"ओढ्याकडं जाऊन बघितलं का?"

"ऊस आडवा हाय, दिसत न्हाय. आन् भर पावसात बघायला कशाला जाऊ, नंदी समोर असताना?"

"अहो, नंदी वर हाय. आपण उचलून बसवलाय त्याला. पाणी वाढलंय, नंदी पण वाढलाय." ती तशीच पुढं म्हणाली. "मालाक्काच्या शाळेच्या खिडकीला पाणी लागलं. त्या सालीसारखं."

भरमू म्हणाला, "मालाक्का घाबरट हाय पहिल्यापासनं."

मळीत बसून भरमू त्या नंदीकडं साठ वर्षं बघत आला होता. त्याच्या बापानं त्याला तोच दाखवला होता. बायकोच्या बोलण्यावर तो डोळ्यांपुढचं कसं सोडील, हे तिलाही कळत होतं. त्याला दुसरं काहीतरी दाखवायला हवं होतं, जे कुणी हलवलेलं नाही.

"देवळापुढली दीपमाळ दिसतीया का तुम्हांला?"

"दिसतीया."

"तिची हाताएवढी लांब शिंगं हायत बघा, दिवे ठेवायची. खालनं पहिली ओळ दिसती का?"

पत्र्याचा आवाज कमी झाला. तो दारात आला असावा.

"पहिली न्हाय दिसत," तो म्हणाला. मग आणखी थोड्या वेळानं, "दुसरी पण न्हाय."

"त्या मोठ्या पुरात दुसरी ओळ बुडाली तवा आपल्या गोठ्यात किती होतं?"

भरमूचा आवाज बदलला. "अगं, उसाच्या सरीतनं पाणी यायला लागलंय," असं काहीतरी तो म्हणाला आणि फोन गेला. त्यानंतर लागलाच नाही.

आदर्श व्हरांड्यात दोन फोन दोन कानांना लावून उभा होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्याला तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यानं वाकून कान पुढं केला.

"आक्का, बोट खालच्या आळीला पाठवायची आहे. दोन घरांत माणसं अडकलीत. मळी सुरक्षित आहे ना? तुम्हीच सकाळी सांगितलंत."

"मी चुकीचं सांगितलं."

"म्हणजे नंदीला पाणी लागलंय?"

"नंदी वर बसवलाय. साडेतीन फूट. तुम्ही त्यावर जाऊ नका. पाणी त्याच्या गळ्याला हाय असं धरा."

आदर्शला बाहेरगावचा असल्यामुळं आधीचा नंदी माहीत नव्हता. तो फळ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली नागुबाई उठून आली. भजनात टाळ धरणारी, चौथऱ्याचे दगड डोक्यावरून वाहिलेली, तोंडानं फटकळ पण मनानं साधी बाई.

"काय बोलालीस गं शालू? नंदी उचलला म्हणून पूर आला व्हय?"

"तसं न्हाय नागूताई."

"मग कसं? देवाच्या कामाला नाव ठेवतीस, आन् ती पण सोमवारची? दगड वाहून माझी मान अजून दुखतीया."

बायका भोवती जमल्या. कुणी म्हणालं, हिचा उपास आहे, चक्कर आली असेल. कुणी म्हणालं, नवरा तिकडं आहे म्हणून बोट ओढायला बघते. ते शेवटचं शालूबाईला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. खालच्या आळीतही माणसंच होती.

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला मोठा आवाज असता तर बरं झालं असतं. तिनं प्रयत्न केला, पण घशातून नेहमीचाच आवाज आला. म्हणून तिनं खडू उचलला. फळ्यावर मळीपुढं लिहिलेलं पदरानं पुसलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, अक्षर मोठं आणि वाकडं. तिनं लिहिलं, 'मळी. अकरा माणसं. पाणी घरात.' मग ती बायकांकडं वळली.

"नवस माझा होता," ती म्हणाली. आता सगळ्याच गप्प होत्या, त्यामुळं ऐकू आलं. "गवंडी फूटभर म्हणालता. साडेतीन मी सांगितलं. देवाचं काही चुकलं न्हाय आन् तुमचं पण न्हाय. नंदी बसवल्यावर मळीतल्यांना जाऊन सांगायचं होतं, की आता पाय बघू नका, चौथऱ्याचा पहिला दगड बघा. ते मी सांगितलं न्हाय. आज सकाळी त्या दगडाला पाणी लागलेलं माझ्या डोळ्यांनी बघितलं, आन् फोन करून कोरडं हाय म्हणून सांगितलं. चार घरांना सांगितलं. माझ्या शब्दावर ती बसल्यात तिथं."

नागुबाईचा हात आपल्या मानेकडं गेला आणि तिथंच राहिला. "आगं आई," ती पुटपुटली. "मी पण तर रोज बघत होते की."

आदर्शनं फोन खिशात घातला. तो बोटवाल्यांशी कन्नडमध्ये भरभर बोलला. बोटवाल्यांच्या मुकादमानं मान हलवली. खालच्या आळीत पाणी कमरेइतकं आहे, ओढ नाही, तिथं दोर लावून गावातली पोरं माणसं काढतील, बोट मळीला न्यावी, असं ठरलं. पण ओढ्याच्या तोंडाशी धार फार होती, तो म्हणाला. एका वेळी सहाच्या वर माणसं घेता येणार नाहीत, आणि उजेड गेल्यावर जाता येणार नाही. साडेचार वाजून गेले होते.

रस्ता जिथं पाण्यात शिरला होता तिथं शालूबाई उभी राहिली. कालपर्यंत तिथून पुढं बैलगाडीची वाट होती, दोन आंब्याची झाडं होती, मग ओढा. आता झाडांच्या फांद्या तेवढ्या पाण्यावर होत्या, आणि त्यांना अडकून कडब्याच्या पेंढ्या गोल गोल फिरत होत्या. बोट उसाच्या शेंड्यांआड गेली. मोटारीचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग पावसात मिसळला.

तिनं जप करायचा प्रयत्न केला. रोज एकशेआठ वेळा म्हटलेलं नाव, पण चार-पाचच्या पुढं जाईना. मध्येच सकाळचं स्वतःचं वाक्य ऐकू यायचं, पाय कोरडे हायत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. महादेवाकडं काय मागायचं तेही तिला समजेना. नवरा दे म्हणावं, तर त्याला तिथं बसवून ठेवणारी तीच. तिनं मागणं सोडून दिलं आणि नुसती पाण्याकडं बघत राहिली. ओमकारचा फोन दोनदा वाजला. तिनं घेतला नाही. एका वेळेला एकाच वादळाचं बळ तिच्यात उरलं होतं.

सव्वापाचला बोट आली. रवळूची बायको, तिची दोन लेकरं, शेजारच्या घरातल्या तिघी. लेकरांच्या अंगावर खताच्या पिशव्या गुंडाळल्या होत्या. रवळूची बायको उतरताना शालूबाईला बघून थांबली. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण लेकरू रडायला लागलं आणि तिनं त्याला उचललं.

"भरमू अण्णा?" आदर्शनं तिला विचारलं.

"माळ्यावर बसवलंय समद्यांना त्यांनी. गोठ्याच्या. कमरंच्या वर पाणी आलंय. ते खाली म्हशी सोडालेत."

बोट परत वळली. मुकादमानं आभाळाकडं बघितलं, तेवढंच.

त्यानंतरचा वेळ किती होता हे शालूबाईला नंतर कधी सांगता आलं नाही. नागुबाई येऊन तिच्या बाजूला उभी राहिली, तिनं आणलेली छत्री दोघींवर धरली. आडवा पाऊस असल्यामुळं छत्रीचा उपयोग नव्हता. उसाच्या शेंड्यांजवळून एक काळं डोकं पोहत आलं, मग दुसरं. म्हशी होत्या. एक काठाला लागली, पाय टेकताच फुरफुरली आणि अंग झाडत गावाकडं चालू लागली. शालूबाईनं तिला ओळखलं. आणखी दोघी आल्या. मग चौथी. मग कुणी आलं नाही.

पाणी राखाडी झालं, पलीकडची झाडं दिसेनाशी झाली. आदर्शनं हातातली बॅटरी पेटवून पाण्यावर धरली. तिचा उजेड चार हातांवरच विझत होता. त्याच्या खिशातला फोन वाजत होता, कुठल्याशा वरच्या साहेबाला मळीची स्थिती हवी होती. "सांगतो सर," तो म्हणाला. "पाच मिनिटांत सांगतो." शालूबाईला वाटलं, या पोराची आई शहापुरात मागाजवळ बसून आत्ता याच्या काळजीत असेल.

मोटार ऐकू आली तेव्हा पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला नाही. बोट अंधारातून बाजूनं, वाहत वाहत आली, काठाला बरीच खाली लागली. सगळे तिकडं धावले. तिघेजण पटकन उतरले. रवळूला दोघांनी धरून उतरवलं, त्याचा पाय पत्र्यानं कापला होता. सगळ्यात शेवटी, बोटीच्या तळाशी उकिडवा बसलेला भरमू होता. त्याला उठता येत नव्हतं. आदर्शनं आणि मुकादमानं त्याला काखेत हात घालून बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेला बसवलं.

त्याचे दात वाजत होते. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती आणि मुठीत म्हशीच्या दाव्याचा तुकडा होता, विळ्यानं कापल्यासारखा.

"गाठ पाण्यात फुगली," तो म्हणाला. तिच्याकडं बघून नाही, समोरच्या अंधाराकडं बघून. "चार सोडल्या. पाचवीचं दावं कापलं, पण ती धारेनं गेली. सहावीला हातच लावता आला न्हाय. ती नुकतीच व्यालेली होती."

शालूबाई खाली बसली. तिनं नागुबाईच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून त्याच्या पाठीवर टाकलं आणि त्याची मूठ हातात घेतली. बोटं लाकडासारखी झाली होती. तिनं करंगळीपासून सुरुवात केली.

"रवळूला मीच थांबवलं," भरमू म्हणाला, "दुपारी बारालाच तो निघतो म्हणत होता. मी म्हणालो, शालीचा फोन आलाय, बस खाली."

"व्हय."

"ऐकालीस का? तुझ्या नावावर बसवलं मी त्याला."

"ऐकतीया," ती म्हणाली. दुसरं बोट सुटलं. "मीच सांगितलं होतं."

तो तिच्याकडं वळला. काहीतरी कडू बोलायचं त्याच्या मनात होतं, ते तिला चेहऱ्यावर दिसलं, आणि ते बोलून टाकावं असं तिला वाटलं. पण तो पुन्हा अंधाराकडं वळला. जवळच मुकादम मोटार पुसत होता. रवळूची लेकरं बापाला बघून एकदम रडायला लागली होती. कुणीतरी शाळेतून किटलीत चहा आणला. भरमूला डाव्या हातानं कप धरवेना, तेव्हा तिनं तो त्याच्या तोंडाशी धरला. अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवरून खाली.

आदर्श फोनवर कन्नडमध्ये सांगत होता, मळीतली अकराही माणसं आली. मग तो थांबला, फोन छातीशी धरून तिच्याजवळ आला. "आक्का, खालच्या दोन वाड्यांत पण तुमच्या नंदीवरूनच ठरवतात म्हणे. त्यांना काय सांगू?"

तिचे हात अजून भरमूच्या मुठीवर होते. दोन बोटं राहिली होती. तिनं आदर्शला आपला फोन दिला. "यात नंबर हायत त्यांचे. लावा, आन् माझ्या कानाला धरा," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तर ऐकायचे न्हाईत. मलाच बोललं पाहिजे."

त्यानं पहिला नंबर लावला. पलीकडं घंटी वाजत राहिली. भरमूनं तिसरं बोट स्वतःच उघडायचा प्रयत्न केला, ते थोडंसं हललं, आणि ती घंटी ऐकत त्या बोटाखाली आपला अंगठा सरकवत राहिली.